आमची वाटचाल : सहाशे बार आणि एक वजनकाटा

पहिल्या ट्रेमधला ओट्सचा एकही बार अखंड निघाला नाही. गरम गरम कापायला गेले आणि सगळा चुरा झाला. थोरल्या जाऊबाईंनी तो वाटीत भरला, वर दूध घातलं आणि सासूबाईंपुढे ठेवला. सासूबाईंच्या दाढा नुकत्याच काढल्या होत्या. बाजारातले ओट्सचे बार त्यांना चावत नव्हते, म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता. त्यांनी वाटी संपवली आणि म्हणाल्या, "चव जमलीय. आता हा हातात धरता येईल असं काहीतरी करा."

हातात धरता यावा, तरी दाताला लागू नये, हे सासूबाईंचं म्हणणं. आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे आणि याच गोष्टीने एकदा तो बुडवत आणला होता. कुरकुरीत बार कोणालाही जमतो. पाणी पूर्ण उडवलं की तो टिकतोही. मऊ बारात थोडं पाणी ठेवावं लागतं, आणि पाणी ठेवलं की बुरशीला आमंत्रण. हे काम करणाऱ्यांना मी काय म्हणते ते कळेल.

सुरुवात जाऊबाईंच्या हातांनी झाली. मी वजनं करायची, त्या थापायच्या. तेव्हाचं प्रमाण आजही तेच आहे. १२०० ग्रॅमच्या घाण्याला ४५० ग्रॅम ओट्स, ३५० ग्रॅम खजूर, तो भिजवायला १०० ग्रॅम कोमट पाणी, १५० ग्रॅम जर्दाळू आणि अंजीर, १०० ग्रॅम मध आणि ५० ग्रॅम बदामाचं बटर. ओट्स दोन भाग अख्खे आणि एक भाग मिक्सरमध्ये दळलेले. अख्ख्यांनी चावायला काहीतरी राहतं, पिठाने बांधणी होते. ओट्स आधी १५० अंशांवर १२ मिनिटं भाजून घ्यायचे, खमंग वास सुटेपर्यंत. खजूर भिजवलेलं पाणी कधीच ओतून द्यायचं नाही, त्यात गोडवा उतरलेला असतो. म्हणून पाणी मुळातच मोजून घालायचं.

ट्रे ३३ बाय २३ सेंटिमीटरचा. त्याचे २४ बार. बटर पेपर दोन्ही बाजूंनी चार बोटं बाहेर ठेवायचा, म्हणजे अख्खी वडी उचलून बाहेर काढता येते. मिश्रण चिकट असल्यामुळे जाऊबाई हात पाण्यात बुडवून थापायच्या. त्यांचा हात एवढा सरावलेला की ट्रेच्या चारही कोपऱ्यांत जाडी सारखी यायची. मी केलं की मधे फुगवटा आणि कडा पातळ, मग कडा करपायच्या. तो ओला हात पुढे आम्हाला किती महागात पडणार होता, हे तेव्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

आमचे पहिले बाहेरचे गिऱ्हाईक एक निवृत्त आजोबा. सासूबाईंच्या ओळखीचे. त्यांनाही कवळी होती. दर शुक्रवारी आठ बार, त्यात जर्दाळू जास्त, आणि डबा त्यांचा स्वतःचा. स्टीलचा, चपटा, झाकणावर पोचा आलेला. तो डबा ते घासून, कोरडा करून आणायचे. कागद बिगद नको म्हणायचे, "डब्यात हवा राहते." त्यांचं हे म्हणणं मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं.

पहिली दोन वर्षं ठीक गेली. शेजारपाजार, मग व्यायामशाळेत जाणारी मंडळी, मग शाळेच्या डब्यासाठी विचारणाऱ्या आया. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही.

मग ते गृहस्थ आले. त्यांचं नाव मी इथे घेणार नाही, त्यांच्या धंद्याचंही नाही. ते आमच्याकडून माल घेऊन पुढे विकायचे. बोलणं गोड, हिशोब चोख, पहिले सहा महिने तक्रारीला जागा नव्हती. मग मागण्या सुरू झाल्या. पाकिटावर दहा दिवसांच्या जागी महिन्याची तारीख टाका. बार आणखी मऊ करा. मी तारखेला नाही म्हटलं. आणखी मऊ करायला मात्र हो म्हटलं. भाजायची वेळ पाच मिनिटांनी कमी केली. बार खरोखर सुंदर झाले, तोंडात विरघळत होते. माझी मान ताठ झाली होती, हे मी लपवत नाही.

त्यानंतर त्यांनी एका धावण्याच्या स्पर्धेची ऑर्डर आणली. ६०० बार, तीन दिवसांत. म्हणजे २५ ट्रे. आमच्या ओव्हनमध्ये एका वेळी एक ट्रे नीट भाजला जातो. आम्ही दोन लावले, एकावर एक. वरच्याने खालच्याची उष्णता अडवली. दुसऱ्या दिवशी दुपारी खजूर संपत आला. उरलेल्या घाण्यांत तिसरा हिस्सा खजूर काढून त्या जागी शिजवलेल्या सफरचंदाचा गर घातला. चव छानच लागत होती. पण खजुरात पाणी साधारण पाचवा हिस्सा, आणि सफरचंदात शंभरातले पंच्याऐंशी भाग. हा साधा हिशोब आम्ही केला नाही. भाजायची वेळ तीच ठेवली.

आणि शेवटची चूक. रात्री दोन वाजता शेवटचे ट्रे निघाले. गाडी सकाळी सहाला येणार होती. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, कोमट आहेत अजून, राहू दे जरा." मी म्हटलं, "ताई, वेळ कुठे आहे?" आणि पाकिटं सील करत गेले.

सहाव्या दिवशी पहिला फोन आला. आमच्याकडे त्याच रात्रीची चार पाकिटं नमुन्याला ठेवलेली होती. जाऊबाईंनी एक उघडलं. वास अगदी चांगला, मधाचा. वरून बार चकचकीत. त्यांनी जर्दाळूचा एक तुकडा नखाने उचलला आणि त्याच्या खाली तिळाएवढा करडा, मऊ, लोकरीसारखा ठिपका. पाकिटाच्या आतून, जिथे सील होतं तिथे, पाण्याचे बारीक थेंब सुकल्याच्या खुणा. कोमट बारातून वाफ निघत राहिली, पाकिटाला आतून लागली, तिचं पाणी झालं आणि ते परत बारावर बसलं. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. बाकीची तीनही पाकिटं उघडली. तिन्हींत तेच.

आम्ही त्याच दिवशी त्यांना कळवलं, सगळा माल परत मागवला आणि पैसे परत केले. चूक माझी होती, आणि मी ती त्यांना लेखी कळवली. पण पुढे जे झालं ते मला आजही सहन होत नाही. त्या गृहस्थांनी आमचं ते पत्र सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवलं. तारीख वाढवायचा आग्रह, आणखी मऊ करायचा आग्रह, तीन दिवसांची मुदत, यातलं एक अक्षर त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आणि दोन महिन्यांनी त्यांचा स्वतःचा बार आला. आमच्यासारखाच आकार, आमच्यासारखेच जर्दाळूचे तुकडे वर, आणि पाकिटावर सासूबाईंचे शब्द : "हातात धरता येईल, दाताला लागणार नाही." हे शब्द त्यांनी आमच्या ओट्यापाशी उभं राहून ऐकले होते.

चार महिने ओव्हन थंड होता. हे म्हणाले, "पुरे झालं आता." नणंदेचंही मत तेच. शुक्रवारी सकाळी बेल वाजली, आणि दारात आजोबा, पोचा आलेला डबा घेऊन. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला कळलंय. माझ्या डब्यातले कधी खराब झाले नाहीत. आठ बार द्या." मी आठ बारांसाठी ओव्हन लावला. ट्रेमधले बाकीचे सोळा उरले ते आम्ही खाल्ले. पुढच्या शुक्रवारी परत आठ.

त्या शुक्रवारांमध्ये आम्ही आमची चूक शोधली. आजोबांचे बार का टिकले? कारण ते नेहमी सकाळी यायचे, आदल्या दिवशी भाजलेले, रात्रभर जाळीवर पूर्ण निवलेले बार घ्यायचे. झाकण सैल असलेला डबा. कोंडलेली वाफ नाही.

एका अन्नतपासणी प्रयोगशाळेत नमुने दिले. तिथल्या बाईंनी एक शब्द शिकवला, वॉटर ॲक्टिव्हिटी. पदार्थात एकूण पाणी किती, हा प्रश्न वेगळा. त्यातलं मोकळं पाणी किती, जे बुरशीला वापरता येतं, हा खरा प्रश्न. शुद्ध पाण्याचा आकडा १. ०.८० च्या खाली बहुतेक बुरश्या थांबतात, काही चिवट जाती ०.६५ च्या आसपासही वाढतात, आणि ०.६० च्या खाली काहीच वाढत नाही. सफरचंद घातलेल्या त्या घाण्याच्या पद्धतीने मुद्दाम केलेला नमुना आला ०.८४. आमचा पूर्वीचा, नीट भाजलेला बार ०.७१. तोही सुरक्षित नव्हता तर! दहा दिवसांची तारीख नशिबाने निभावत होती.

मग मऊपणा कुठून आणायचा? उत्तर आमच्याच ट्रेमध्ये होतं. खजूर आणि मध यांत फळसाखर भरपूर असते. ती पाणी धरून ठेवते आणि सहसा खडे धरत नाही. नुसत्या साखरेच्या पाकाचे बार आठ दिवसांत दगड होतात त्यामागे साखर स्फटिक होणं हे एक मोठं कारण. म्हणजे पाणी कमी करूनही मऊपणा राहतो, पण उरलेलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं पाहिजे, मोकळं नाही.

पाणी मोजायचं यंत्र आम्हाला परवडणारं नव्हतं. वजनकाटा मात्र घरात होताच. आणि भाजताना ट्रेमधून मुख्यतः पाणीच जातं. कच्चा ट्रे १२०० ग्रॅम. भाजून तो १०४० वर आला की प्रयोगशाळेचा आकडा ०.६४ येतो, हे आम्ही तीनदा तपासून घेतलं. १०४० च्या वर असेल तर ट्रे परत आत. घड्याळ सांगतं म्हणून ट्रे बाहेर काढायचा नाही. १६० वर २५ मिनिटं, मग १३० वर वीसेक मिनिटं, आणि शेवटचा शब्द काट्याचा. ट्रेचं आणि कागदाचं वजन आधी वजा करायला विसरू नका, नवीन करणारे हमखास विसरतात.

ओव्हनच्या आकड्यावरही विश्वास ठेवू नका. आम्ही आत टांगायचा छोटा थर्मामीटर आणला तेव्हा बटणावर १६० आणि आत १८२ निघाले. कडा का करपत होत्या ते इतक्या वर्षांनी कळलं. मी माझ्या थापण्याला उगाच दोष देत होते.

पण थापण्याचा प्रश्न होताच. ओला हात. प्रत्येक ट्रेला जाऊबाईंच्या हातातून किती पाणी जातं ते मोजलं. वाटीचं वजन आधी आणि नंतर. २२ ग्रॅम निघालं. सगळं वरच्या थरात, जिथे बुरशी आधी धरते. हे त्यांना कसं सांगू, याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आकडा वाचला, हात पदराला पुसला, आणि सुताराकडून शिसवी लाकडाचा ठोकळा करून आणला. बरोबर ट्रेच्या अर्ध्या रुंदीचा, वर मूठ. मिश्रणावर बटर पेपर घालून त्यावरून तो ठोकळा दाबायचा. फार दाबलं तर बार घट्ट होतो, कमी दाबलं तर सुटतो. जाऊबाई तो टेकवून आपल्या अंगाचं वजन दोन श्वास सोडतात, आणि उचलतात. तो ठोकळा आता मधे गुळगुळीत, काळपट झालाय. दुसऱ्या कोणाला त्या हात लावू देत नाहीत.

निववायला जाळी, किमान तीन तास, मग रात्रभर कागदाखाली. ओट्स फळातला ओलावा ओढून घेतात, सगळीकडे सारखा होतो. सकाळी कापायचं, स्क्रेपरने सरळ खाली, सुरीने ओढून नाही. खजुराच्या जागी ताजं फळ कधीही नाही, ऑर्डर कोणाचीही असो. आणि ओट्स ग्लुटेनमुक्त आहेत असं तोंडी कोणी सांगितलं तर लिहू नका. शेतात आणि गिरणीत गव्हाची भेसळ सहज होते, तपासणीचा कागद हवाच.

त्यानंतरची चार वर्षं नीट गेली.

त्या गृहस्थांचा बार अजून मिळतो. मी विकत आणून कापून पाहिला. मध नाही, साखरेचा पाक आहे. दहाव्या दिवशी त्यावर नख उमटत नाही. पाकिटावर अजूनही सासूबाईंचे शब्द आहेत. सासूबाई आता नाहीत. हे वाक्य कोणी पहिल्यांदा म्हटलं ते कुठेतरी लिहिलेलं असावं, म्हणून मी हे लिहायला बसले.

आज गुरुवार. तीन ट्रे झाले. कच्चे १२०० , १२०० , १२०० . भाजून १०३८, १०४०, १०४६. तिसरा परत आत गेलाय. आजोबा आता जिना चढत नाहीत, त्यांचा नातू डबा घेऊन येतो. जर्दाळू जास्त घातलेला पहिला ट्रे जाळीवर वेगळा ठेवलाय.