कालचा पाव

“अगं, आत काहीतरी फडफडतंय,” असे सासूबाई म्हणाल्या आणि मी एअर फ्रायरचे भांडे ओढून पाहिले, तेव्हा ब्रेडचा एक पातळ काप आडवा पडण्याऐवजी चक्क उभा राहिला होता व त्याची वरची कड काळीठिक्कर पडली होती.

चूक माझीच होती. या यंत्रातला पंखा गरम हवा इतक्या वेगाने फिरवतो की कोरडा, हलका काप सहज उचलला जातो आणि वरच्या तापलेल्या तारेला जाऊन टेकतो. दुसऱ्या खेपेस मी कापांना दोन्ही बाजूंनी ऑलिव्ह तेल लावले, वर जाळीचे स्टँड ठेवले आणि 180 अंशांवर 4 मिनिटांत ते छान सोनेरी झाले. कापांवर लसूण चोळला आणि मीठ लावून निथळत ठेवलेला टोमॅटो अगदी शेवटी घातला, कारण आधी घातला असता तर पाव मऊच राहिला असता.

पाहुण्यांसमोर ‘ब्रुस्केटा’ हा शब्द मी जरा ऐटीतच उच्चारला. सासूबाईंनी एक तुकडा खाल्ला आणि शांतपणे विचारले, “म्हणजे कालचा पाव ना?”

कालचाच होता. इटलीत हा पदार्थ मुळात शिळा पाव निखाऱ्यांवर भाजून, तेल-लसूण लावून खाण्याचाच प्रकार आहे, आणि भाजण्याला रोमकडच्या बोलीत ‘ब्रुस्कारे’ म्हणतात, त्यावरूनच हे नाव आले.

मग शिळ्या पोळीचा कुस्करा पाहुण्यांना वाढायला मला संकोच का वाटतो?