डाव्या हाताखालचे सूर

दशावतारी नाटकात साथीला असते त्या पायपेटीची, म्हणजे पायांनी वाजवायच्या हार्मोनियमची, एक सोय फार मोलाची. भाता पायांनी चालतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. उजव्याने चाल वाजवावी, डाव्याने खाली तीन सूर दाबून धरावेत. हातपेटीवाल्याच्या नशिबी हे नाही, त्याचा डावा हात भात्यालाच बांधलेला.

पांढरी एकचा (पाश्चात्त्य C) सा घेऊ. डाव्या हाताखाली सा, ग, प. त्यावर उजव्याने यांपैकीच कुठलाही सूर वाजवला की तो पाटावर बसल्यासारखा स्वस्थ बसतो. रे उंबऱ्यावर उभा असतो, आत यायलाही तयार आणि बाहेर जायलाही. पण त्याच सप्तकात शुद्ध म दाबून बघा. लगेच खरखर! मधल्या सप्तकातला ग साधारण 330 कंपनांचा, म 349चा. दोघे एकदम वाजले की फरकाएवढे, म्हणजे सेकंदाला 19-20 ठोके उमटतात. इतके भराभर की मोजता येत नाहीत, नुसतं कानाला खरवडल्यासारखं होतं. म गवर उतरवला की गाठ सुटते. नी या सुराची ओढ उलटी, त्याला वर सा गाठायचा असतो.

आता उजवं बोट मवरच ठेवून डावा हात हलवा: म, ध, सा. मघाचा भांडखोर पाहुणा यजमान झाला! सूर तोच, पट्टी तीच, फक्त खालचं बिऱ्हाड बदललं. शिवाय तो किती वेळ थांबतो, हेही बघावं. भजनी ठेक्यात म एखाद्या मात्रेवरून घसरत गेला तर टोचत नाही. समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, ठाण मांडून बसला की सगळ्यांच्या माना वळतात. वळवायच्याच असतील तर जरूर बसवावा, पण मग उतरायची वाटही दाखवावी.

गाडी अडते ती बहुतेक ग या सुरापाशी. पेटीचा ग मुळातच नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा (सप्तकाचे 1200 सेंट), तर प जेमतेम 2 सेंट उतरलेला. म्हणून सावर प लांब धरला तरी शांत वाटतो, ग लांब धरला की थरथरतो. संथ अभंगात डाव्या हातातून ग काढून टाकावा, सा-प पुरे. खर्जात, खालच्या सप्तकात, तर ग नकोच, तिथे तो गुरगुरतो. हवाच असेल तर वरच्या सप्तकात घ्यावा.

सगळ्यात वाईट घात भैरवीत होतो. रात्रभर सा-ग-पची सवय झालेला डावा हात शेवटच्या भैरवीतही आपसूक शुद्ध गवर पडतो आणि गाणारे बुवा कोमल ग लावतात. मग कोमल आणि शुद्ध, दोन्ही गंधार एकमेकांच्या उरावर. बुवा चुकलेले नसतात, पण तोंड त्यांचंच वाकडं होतं. भैरवी सुरू होण्याआधी ते एक बोट शेजारच्या काळी दोनवर सरकवलं तरी निभावतं. तेही सुचलं नाही तर सरळ सा-प.

हे सगळं जमलं तरी गणपतीच्या दिवसांत कोकणातली हवा आपला सूर लावतेच. ओलाव्याने लाकूड फुगतं, दाबलेली पट्टी वर येत नाही. नेमकी नीची पट्टी अडकली तर आरती सावर येऊन संपते, ताटातला कापूर विझतो, आणि पेटी मात्र भाता रिकामा होईपर्यंत तो एकच नी आळवत बसते.