चकमकीच्या रायफलीला कुठला बार मानवतो? पेनसिल्व्हेनियातल्या रेंजवरचा एक दिवस

पेनसिल्व्हेनियात ख्रिसमस झाला की हरणांच्या शिकारीचा चकमकीच्या बंदुकीचा (फ्लिंटलॉक, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटणारी) वेगळा सीझन लागतो. त्यात टोपीवाली (टिकलीसारख्या धातूच्या टोपीवर घोडा आपटून पेटणारी) ठासणीची बंदूकसुद्धा चालत नाही, इनलाइन म्हणजे मॉडर्न बनावटीची ठासणीची तर नाहीच, त्यांच्यासाठी ऑक्टोबरात वेगळे दिवस असतात. मी एक सेकंडहँड लायमन ग्रेट प्लेन्स फ्लिंटलॉक घेऊन ठेवली होती, .५० कॅलिबर, ३२ इंची नळी, आणि सीझनच्या आधी तिला कुठला लोड आवडतो ते बघायचं म्हणून नोव्हेंबरात लीहाय व्हॅलीतल्या गेम लँडच्या (सरकारी शिकारीच्या जमिनीवरच्या) रेंजवर गेलो. बरोबर कणकवलीहून आलेला मेहुणा. त्याच्या घरी शेतात डुक्कर येतात म्हणून लायसन्सची ठासणीची बंदूक आहे, त्यामुळे त्याला बघायची भारी हौस. परमिट नसल्यामुळे तो उडवणार नव्हता, नुसता बघणार होता, पण त्याचा उपयोग माझ्यापेक्षा जास्त झाला ते पुढे येईलच.

आधी कायद्याचं, कारण भारतातून आलेल्यांना हेच पहिलं विचारायचं असतं. फेडरल कायद्यात काळ्या दारूची, काडतूस न घेणारी ठासणीची रायफल फायरआर्म धरत नाहीत, अँटिकमध्ये मोडते. पण हे फेडरलचं झालं, राज्यांचं वेगळं असतं. नदीपलीकडे न्यू जर्सीत हिलाही फायरआर्म आयडी कार्ड लागतं, तेव्हा एडिसनहून कुणी इकडे यायचा विचार करत असेल तर बंदूक गाडीत टाकायच्या आधी नीट चौकशी करा, आणि एच-वनवर असाल तर मित्राच्या ऐकीव माहितीवर न जाता वकिलाला विचारा. गेम लँडच्या रेंजवर मोठ्या माणसाला शिकारीचं लायसन्स किंवा रेंज परमिट लागतं. रेंज ऑफिसर बहुतेक नसतोच, बाकावर बसलेले लोक आपापसात ठरवून फायर बंद करतात आणि मग सगळे टार्गेट बघायला जातात.

शनिवार-रविवारी जाऊ नका. रायफलीचा सीझन जवळ आला की स्कोप लावायला अख्खं गाव लोटतं. मी मधल्या वारी गेलो तरी अर्धे बाक भरलेले होते. बाक निवडताना शक्यतो अगदी उजवीकडचा घ्या, कारण चकमकीच्या बंदुकीच्या उजव्या कुशीतल्या भोकातून आडवी आग येते, शेजारच्याच्या थोबाडावर. आणि वारा कुठून येतोय तेही बघा, नाहीतर तुमच्या प्रत्येक बारानंतर शेजारी धूर जाईपर्यंत हात बांधून बसणार आणि तुमच्याकडे बघत राहणार. गेल्या गेल्या शेजाऱ्यांना सांगून टाकलं की मला एक बार भरायला दोन-तीन मिनिटं लागतात, फायर बंद करायच्या आधी आवाज द्या. भरलेली पण न उडवलेली बंदूक हातात असताना सगळे पुढे चालायला लागले की कसंतरीच होतं.

आता मुद्द्याचं. या नळीच्या आतल्या आट्यांचा (गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा) पीळ ६० इंचात एक फेरा असा संथ आहे, म्हणजे कापडात गुंडाळलेल्या गोल शिशाच्या गोळीसाठी बनवलेली. सेबॉ (प्लॅस्टिकच्या कपात बसवलेली गोळी) वगैरे हिच्यात घालून दारू आणि वेळ वाया घालवू नका, ते १:२८ पिळाच्या इनलाइनसाठी. गोळी .४९० इंची घेतली, वजन साधारण १७७ ग्रेन (साडेअकरा ग्रॅम). कापड दोन जातीचं, एक दुकानातलं तयार कापलेलं .०१५ इंच जाड आणि दुसरं आपल्याकडे गाद्या-उशांच्या खोळींना वापरतात तसलं पट्ट्यापट्ट्यांचं घट्ट विणीचं, .०१८ चं. ते विकत आणलं की आधी धुवून घ्या, खळ निघून जाते. दारू गोएक्स कंपनीची काळी, दोन एफ आणि तीन एफ (एफ जितके जास्त तितका दाणा बारीक आणि जळायला जलद). पायरोडेक्स (काळ्या दारूऐवजी वापरायची पावडर) स्वस्त-सोपी मिळते म्हणून आणू नका, तिला पेटायला जास्त उष्णता लागते आणि चकमकीत ती नखरे करते. आणि नेहमीच्या काडतुसातली बिनधुराची पावडर एक चिमूटसुद्धा नाही, नळी फुटून हात जातो, यात गंमत नाही.

मेहुणा म्हणाला, “भाऊजी, आमचे बाबा तर काथ्याचो बोळो घालतत, ह्या कापड कित्याक?” त्याला नळीतले आटे दाखवले. त्यांची बंदूक गुळगुळीत नळीची, छर्ऱ्याची, तिला बोळा पुरतो. इथे गोळीला आट्यांची पकड कापडामुळे मिळते, म्हणून कापडाची जाडी दारूइतकीच महत्त्वाची.

पद्धत एकच ठेवली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ५० यार्डावर कागद, पुढचा हात जिथे धरतो त्याच जागी खाली वाळूची पिशवी (नळीच्या टोकाखाली नको, मार बदलतो), आणि प्रत्येक बारानंतर थुंकीने ओलसर केलेलं कापड एकदा आत-बाहेर, मग एक कोरडं. ओलसर म्हणजे ओलसर, चिंब नाही, चिंब केलं की सगळी काजळी तळाला ढकलली जाते आणि आगीचं भोक बुजतं. तिथे बारीक तार खिशात हवीच.

दोन एफच्या ६० ग्रेनने आणि .०१५ च्या कापडाने सुरुवात केली. गोळ्या उभ्या रेषेत पसरल्या, चारेक इंच. ७० ला गोळा झाल्या, अडीच इंचाच्या आसपास. ८० ला साधारण तेवढंच पण खांद्याला जाणवतं. मग ९० घातल्यावर मजा झाली. गोळ्या सहा इंचात कुठेही, एक तर कागदाच्या कडेला. शेजारचा म्हातारबा दुर्बिणीतून बघून काही बोलला नाही, नुसता हसला.

इथे मेहुण्याचा उपयोग झाला. फायर बंद झाला की तो पुढे जाऊन गवतातून उडालेली कापडं वेचून आणायचा, दहा-पंधरा यार्डावर पडतात, आणि बाकावर ओळीने मांडायचा. ७० ची कापडं बघण्यासारखी होती, मध्ये राखाडी गोल डाग, कडा फुलासारख्या झालेल्या पण धागा न धागा शाबूत, परत वापरावीत इतकी. ९० ची हातात घेतली तर मधोमध चण्याएवढं भोक, कडा जळून तपकिरी, एकाची तर नुसती बाहेरची कड राहिलेली. म्हणजे गोळीच्या मागून आग पुढे निसटत होती आणि गोळीला पिळाची पकडच मिळत नव्हती. टार्गेटवर नुसतं “वाईट” एवढंच कळतं, का वाईट ते या चिंध्यांवर कळतं. माझं तर मत आहे की टार्गेटपेक्षा आधी कापड बघा. जळालं असेल तर दारू कमी करा किंवा कापड जाड घ्या, किंवा वंगण कमी पडतंय का बघा. सरळ चीर गेली असेल तर बहुतेक आट्यांची धार किंवा नळीचं तोंड टोकदार आहे. वंगणासाठी मी ऑलिव्ह ऑइल आणि मेण वितळवून केलेलं मिश्रण वापरतो, पेट्रोलियमचं ग्रीस मात्र नको, काळ्या दारूबरोबर त्याचं डांबर होतं.

मग गादीचं जाड कापड काढलं. गोळी आत ढकलायला जोर लागतो, छोट्या दांडीने ठोकून सुरुवात करावी लागते, गज (गोळी ठासायची काठी) लाकडाचा असेल तर वीतभरच धरून थोडं थोडं ढकला, वरून धरून जोर दिला तर गज मोडून हातात घुसतो. पण फरक लगेच. ८० चीसुद्धा कापडं शाबूत निघाली. शेवटी तीन एफ ६५ ग्रेन आणि हेच जाड कापड, दोन इंचाच्या आत, शिवाय काजळीही कमी. बास, हाच ठेवला. १०० यार्डावर मारायचा हट्ट मला नाही, स्कोपशिवाय नुसत्या माशीवर माझी नजर तेवढी राहिलेली नाही आणि इथल्या जंगलात हरीण तितक्या लांबवर मोकळं दिसतही नाही. ९० ग्रेन भरून “पॉवर” मिळते म्हणणारे असतात, त्यांना म्हणू द्या.

गोळी दारूवर घट्ट टेकली पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळीला धोका. म्हणून लोड ठरला की गजावर रेघ मारून ठेवा, रेघ नळीच्या तोंडाशी आली की गोळी बसली. ही रेघ नसल्याचा प्रताप त्याच दिवशी पलीकडच्या बाकावर बघायला मिळाला. एकाने गप्पांच्या नादात दारू न घालता गोळी ठासली. चाप ओढला, प्याल्यात (भोकाबाहेरची छोटी वाटी, जिच्यात ठिणगी पडते) फुस्स, पुढे काही नाही. अशा वेळी बंदूक समोरच धरून निदान मिनिटभर थांबायचं, कारण दारू असेल तर ती उशिराही पेटू शकते. मग म्हातारबाने भोकातून बारीक दारू थोडी थोडी आत सारली, गजाने गोळी परत तळाला बसवली आणि तेवढ्यावर ती बाहेर टाकली.

प्याल्यातली रंजक (पेटवण्यापुरती बारीक दारू) थोडीच घाला, भोक झाकेल इतकी नको, नाहीतर वातीसारखी जळत आत जाते आणि चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत नेम हलतो. हवा दमट असेल तर ती चटकन ओली होते, दर थोड्या वेळाने पुसून नवी घाला. चकमक बोथट झाली की ठिणगी कमी पडते, एकदोन जास्तीच्या ठेवा आणि जिच्यावर ती आपटते ती पोलादी पट्टी दर बाराला कापडाने पुसा. दारू डब्यातून थेट नळीत कधीच ओतू नका, आत विस्तव राहिला असेल तर डबाच हातात फुटेल, आधी मापात आणि मापातून नळीत. डबा बंद करून पेटीत, पेटी ठिणग्यांपासून लांब. काळी दारू तुम्ही विमानातून नेणार असाल तर विसरा, ती विमानात चालत नाही, आणि ऑनलाइन मागवली तर हॅझमॅटचा (धोकादायक मालाचा) चार्ज वर बसतो, त्यामुळे दोघातिघांनी मिळून मागवा.

जाता-येता वेळ असेल तर नाझरेथजवळ जेकब्सबर्गला लाँगरायफलचं म्युझियम आहे, बंदुका बनवणाऱ्या हेन्री घराण्याच्या कारखान्याच्या जागेजवळ. उघडायच्या वेळा आधी बघून जा.

घरी आल्यावर चहाच्या आधी बंदूक. गरम पाणी, थोडा साबण, पांढरं कापड पांढरंच बाहेर येईपर्यंत, मग कोरडी करून तेल. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते, रात्रभर ठेवली तर सकाळी गंज. दुसऱ्या दिवशी परत एकदा तेलाचं कापड फिरवा, लाल निघालं तर परत पाणी.