इंजिन उघडायच्या आधी ऑईल तपासलं

गेल्या दिवाळीनंतर माझी पिकअप माळशेज चढताना दमायला लागली. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून आळेफाटा, माळशेज, मुरबाड, कल्याण करत वाशी मार्केट गाठायचं आणि परतीला मिळेल तो माल घेऊन घाट चढायचा, हे माझं रोजचं काम. जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. गाडी अडीच लिटर डिझेलची, टर्बोवाली, बीएस-४. तोवर १,३८,००० किलोमीटर झाले होते. दोन ऑईल बदलींच्या मध्ये कधी वरून ऑईल टाकावं लागलं नव्हतं. आता ऑईल मोजायच्या पट्टीवरची खूण दर आठवड्याला खाली सरकत होती आणि पहाटे स्टार्टर मारला की निळसर धूर निघायचा.

मिस्त्रींनी गाडी चालू ठेवून वरचं ऑईलचं झाकण काढलं. भसाभस वाफ आली. "बॅक कॉम्प्रेशन आहे. रिंगा गेल्या. इंजिन उतरवावं लागेल. तोवर जाड ऑईल टाक, २०डब्ल्यू-५०. थोडे दिवस निभावेल." बॅक कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून खाली निसटणं. खर्चाचा अंदाज सत्तर ते ऐंशी हजार. गाडीचे हप्ते अजून चालू होते आणि ऐन हंगामात पंधरा दिवस गाडी उभी राहिली असती. आमचे नाना म्हणाले, "मिस्त्री काही उगाच सांगणार नाही, करून टाक." मला मात्र एकच प्रश्न छळत होता: रिंगा गेल्या कशाने? ऑईल मी वेळेवर बदलत होतो. कारण न कळता नव्या रिंगा टाकल्या, तर त्याही दीड लाख किलोमीटरच्या आत जाणार.

माझा मावसभाऊ खडी क्रशरवर पोकलेन आणि डंपरची देखभाल बघतो. त्यांच्याकडे प्रत्येक ऑईल बदलीला नमुना लॅबला जातो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "इंजिनला हात लावू देऊ नकोस. आधी ऑईल तपासून घे, दोन हजारांच्या आत काम होतं." त्यानेच लॅबच्या दोन कोऱ्या बाटल्या पाठवल्या आणि पद्धत सांगितली. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून इंजिन गरम करायचं, ड्रेन नटाभोवतीची माती पुसायची, पहिलं ऑईल वाहू द्यायचं आणि मधली धार बाटलीत धरायची. तळाशी बसलेला गाळ अगदी सुरुवातीला येतो आणि तो आकडे बिघडवतो. दुसऱ्या बाटलीत त्याच कंपनीचं, त्याच ग्रेडचं कोरं ऑईल. मला आधी हे फुकटचं वाटलं होतं, पण त्यावाचून रिपोर्ट वाचताच येत नाही. कारण ऑईलमध्ये मुळातच काही धातू आणि सिलिकॉन मिसळलेलं असतं. फेस येऊ नये म्हणून सिलिकॉन थोडं घालतातच.

आठवड्याने रिपोर्ट फोनवर आला. त्या ऑईलवर गाडी ९,००० किलोमीटर चालली होती. लोखंड ११८ पीपीएम, ॲल्युमिनियम २१, क्रोमियम ७, तांबं ९, शिसं ५. सिलिकॉन ४६, आणि कोऱ्या ऑईलमध्ये ते फक्त ५ होतं. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. त्या रात्री मी आणि मावसभाऊ तासभर फोनवर एकेक ओळ वाचत होतो.

लोखंड लायनर (सिलिंडरची आतली भिंत), क्रँक आणि कॅमशाफ्टचं. ॲल्युमिनियम पिस्टनचं. क्रोमियम बहुतेक वरच्या रिंगेवरच्या मुलाम्याचं. तांबं, शिसं, कथील दिसलं की बेअरिंगकडे बघायचं, पण आमच्याकडे ते कमी होतं. सोडियम आणि पोटॅशियमही नगण्य, म्हणजे कूलंट ऑईलमध्ये उतरत नव्हतं. ऑईल स्वतःही ठीक होतं. १०० अंशाला त्याचा जाडपणा १३.१ सेंटिस्टोक (जाडपणाचं माप) भरला. १५डब्ल्यू-४० साठी तो १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मध्ये हवा. डिझेल मिसळून ते पातळ झालं नव्हतं. जळणातून तयार होणारं आम्ल मारायची ताकद, म्हणजे टीबीएन, कोऱ्या ऑईलची १०.४ होती आणि ५.८ शिल्लक होती.

उरलं सिलिकॉन. ऑईल चेंबरच्या जोडाला लावलेल्या गॅसकेट पेस्टमधूनही ते ऑईलमध्ये येतं, त्यामुळे नुसता सिलिकॉनचा आकडा बघून घाबरू नये असं लॅबच्या साहेबांनी फोनवर समजावलं. पण पेस्टमुळे वाढलं असेल तर बाकीचे धातू जागच्या जागी राहतात. इथे सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोखंड आणि क्रोमियम चारही सोबत चढले होते. ही धूळ होती. मातीत सिलिका, म्हणजे सिलिकॉनचं संयुग, असतेच, ॲल्युमिनियमचं ॲल्युमिनाही असतं. शिवाय बेअरिंग शाबूत आणि झीज सगळी रिंगा-लायनरची, म्हणजे धूळ ऑईलच्या तोंडातून पडलेली नव्हती, हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी पाईप सोडवला. वरून एकदम धडधाकट. खालच्या बाजूला क्लिपच्या कडेने बोटाच्या पेराएवढी चीर होती. आत बोट फिरवलं तर तांबूस पिठासारखी माती बोटाला लागली. हा भाग टर्बो हवा ओढतो त्या बाजूचा, म्हणजे चिरेतून हवा बाहेर न जाता धुळीसकट आत खेचली जाते. टोमॅटो भरायला आम्ही थेट शेतापर्यंत जातो, कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीची धूळ खात. फिल्टरही काढून आत टॉर्च धरला. कागदाच्या दोन घड्यांमधून उजेड आरपार दिसला. पंक्चरवाल्याकडे हवा मारून फिल्टर साफ करायची आमच्याकडे सर्रास पद्धत आहे आणि मीही ते दर पंधरवड्याला केलं होतं. जोराच्या हवेने कागद फाटतो, आणि फाटलेला फिल्टर मळलेल्या फिल्टरपेक्षा कितीतरी घातक. हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं. गाडी जपतोय म्हणून जे करत होतो, त्यानेच ती झिजत होती.

पाईप, क्लिपा, फिल्टर सगळं नवीन घातलं. मिस्त्रींकडून कॉम्प्रेशन मोजून घेतलं. चारही सिलिंडरचे आकडे थोडे उतरलेले, पण एकमेकांना धरून. एखादाच सिलिंडर बसला असता तर इंजिन उघडावंच लागलं असतं.

मग ऑईल कोणतं, यावर मिस्त्रींशी बराच वाद झाला. जाड ऑईलने धूर आणि ऑईल खाणं थोडं कमी दिसतं, हे त्यांचं खरं होतं. पण झिजलेली रिंग त्याने भरून येत नाही, आणि झीज थांबवायची तर थंड इंजिनात ऑईल लवकर वर पोचायला हवं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वाहण्याचा, जितका लहान तितकं ऑईल लवकर धावतं. नंतरचा आकडा गरम इंजिनातल्या जाडपणाचा. आमच्याकडे जुन्नरला डिसेंबरच्या पहाटे हाडं गारठतात आणि मी चारला गाडी काढतो. त्या वेळी टर्बोला ऑईल उशिरा मिळणं मला नको होतं. म्हणून गाडीच्या पुस्तकात आहे तेच, १५डब्ल्यू-४०, एपीआय सीआय-४ प्लस, कायम ठेवलं. एपीआय ही ऑईलच्या दर्जाची खूण. डब्यावर एपीआयपुढे सी असेल तर ते डिझेलचं, नुसतं एस असेल तर पेट्रोलचं, एवढं तरी प्रत्येकाने बघावं.

माझ्या चुलतभावाची पिकअप बीएस-६ आहे, धूर गाळणाऱ्या डीपीएफची. तो म्हणाला, दोघांना मिळून एकच बॅरल घेऊ, स्वस्त पडेल. मी नको म्हणालो. ऑईल जळून उरलेली राख डीपीएफमध्ये साचते आणि काजळीसारखी जळून जात नाही. त्याला कमी राखेचं ऑईल लागतं, सीके-४ किंवा त्याच्या पुस्तकात लिहिलं असेल ते. सीके-४ मध्ये राखेवर एक टक्क्याची मर्यादा आहे, सीआय-४ प्लसमध्ये तशी मर्यादा नाही. आणि डबा मी आता बिल देणाऱ्या दुकानातूनच घेतो, सील माझ्यासमोर फोडायला लावतो, रिकामा डबा भोक पाडूनच भंगारात देतो. चांगल्या डब्यात भलतंच ऑईल भरून विकलं जातं.

गाडीत भरलेलं नवं ऑईल मुद्दाम ३,००० किलोमीटरला काढून पुन्हा नमुना पाठवला. लोखंड ३१, सिलिकॉन १४. हजार किलोमीटरमागे लोखंड १३ वरून १० वर आलं, एवढंच. मी खचलो. मावसभावाने समजावलं की ऑईल काढलं तरी थोडं जुनं ऑईल वाहिन्यांत आणि कूलरमध्ये राहतंच, त्यातली धूळ नव्यात मिसळते, एका आकड्यावर जाऊ नकोस. पुढचा नमुना ८,००० ला काढला. लोखंड ४४, ॲल्युमिनियम ६, क्रोमियम २, सिलिकॉन १२. म्हणजे हजारामागे लोखंड साडेपाच. रिपोर्ट वाचला तेव्हा मी वाशीच्या गेटबाहेर रांगेत होतो. तिथूनच नानांना फोन केला.

झिजलं ते परत आलेलं नाही. गाडी अजून हजार किलोमीटरला पाव लिटर ऑईल खाते. सपाट जागेवर, सकाळी थंड इंजिनावर पट्टी बघतो आणि वरून टाकलेलं ऑईल मापाने मोजून किलोमीटरसकट वहीत लिहितो. तो आकडा पाच महिने वाढलेला नाही. मोठा कण तुटून पडला तर तो या तपासणीत नीट दिसत नाही, ती अगदी बारीक कणच मोजते. म्हणून ऑईल काढताना ते फडक्यातून गाळतो आणि जुना ऑईल फिल्टर कापून त्याची घडी उन्हात उलगडून बघतो, कुठे चकाकतंय का. गाडी आता १,६४,००० ला आहे. पुढची ऑईल बदली १,६५,००० ला आणि लॅबची बाटली केबिनमध्ये ठेवलेली आहे.