आडव्या झालेल्या करंजाची मुळं

मंडळी, टेकडीवर आपण तीन वर्षांपूर्वी लावलेल्या झाडांपैकी वरच्या दोन रांगांमधले करंज का वाळतायत ते अखेर कळलं. वाळवी नव्हती, वणवा तिथवर आला नव्हता, पाणीही दर आठवड्याला दिलं होतं. तरी तिसऱ्या उन्हाळ्यात एकेक झाड मान टाकत गेलं.

परवा वळवाच्या वाऱ्यात त्यातला एक करंज मुळासकट आडवा झाला. मुळं धुतली आणि सगळेच गप्प झालो. तीन वर्षं जमिनीत काढूनही रोपवाटिकेतल्या पिशवीचा आकार जसाच्या तसा! मुळं चुंबळीसारखी गोल फिरलेली, बोटाएवढी जाड, आणि त्यातलं एक तर खोडालाच आवळून बसलेलं. मुरुमात शिरलेलं मूळ एकच, तेही काडीएवढं. आळ्यातलं पाणी खाली मुरत होतं, पण तिथे ते प्यायला मूळच नव्हतं. मग पहार घेऊन आणखी चार वाळलेले उकरले. तिघांची तीच गत.

रोपवाटिकेचं नाव लिहीत नाही, पण छोट्या पिशवीतलं पाच फुटी रोप यापुढे फुकट मिळालं तरी घ्यायचं नाही, असं माझं ठाम मत झालंय. उंच रोप उद्घाटनाच्या फोटोत शोभतं. आपल्याला हवं दीड-दोन फुटांचं, जाड बुंध्याचं. घेण्याआधी एक पिशवी फाडून बघायचीच. मुळं गोल फिरलेली दिसली, तर तळाचा इंचभर भाग कापायचा, बाजूंना तीन-चार उभे छेद द्यायचे आणि मुळं मोकळी करून लावायचं. हे भर पावसाळ्यातच करा. उन्हात कापलेलं रोप तग धरत नाही.

अशीच रोपं शहरात रस्त्याकडेलाही लागतात. वीस वर्षांनी वादळात झाड कोसळलं की दोष झाडाला, आणि शेजारच्या चांगल्या झाडांवरही करवत. २०२१च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या शहरी वृक्षकायद्यात पन्नास वर्षांपुढचं झाड वारसा वृक्ष ठरतं. पन्नाशीपर्यंत पोचणाऱ्या झाडाची मुळं पहिल्या दिवशी सरळ असायला हवीत. रस्त्यावर सावली धरणं, पावसाचं पाणी जमिनीत मुरवणं ही कामं तेच झाड करतं.

रिकाम्या तेवीस खड्ड्यांत नवी रोपं लावू, असं लिहिणार होतो. पण लिहितानाच वाटलं, बीच का पेरू नये? जागेवर रुजलेल्या झाडाचं सोटमूळ कुणी वळवत नाही. करंजाच्या शेंगा टेकडीखाली ढिगाने पडल्यात. बहाव्याचं बी कठीण, ते पॉलिश पेपरवर घासून रात्रभर भिजवू. खड्ड्यात तीन-तीन बिया, वर बाभळीच्या काट्या, म्हणजे उंदीर-घुशींपासून थोडं रक्षण. आच्छादनाला गिरिपुष्पाचा पाला आहेच. पुण्याच्या टेकड्यांवर या मध्य अमेरिकेतल्या झाडाची भरमसाट लागवड झाली, ते मला कधीच पटलं नाही. पण छाटलेला पाला लवकर कुजतो आणि जमिनीला नत्र देतो, हे खरं.

खालच्या रांगेतल्या बहाव्यावर हिरव्या अळ्या आल्यात. पिवळसर फुलपाखरांच्या आहेत, कृपया काही फवारू नका! आणि गेल्या वर्षी खोचलेल्या पांगाऱ्याच्या फाट्यांपैकी सहांना फुटवे आलेत. मी प्रत्येकाला हात लावून आलो.

रविवारी सकाळी सहाला पाण्याच्या टाकीपाशी. घमेली आहेत, धारदार सुऱ्या आणा.