एसटीचा रकाना

पदवीच्या पहिल्या वर्षाची पहिली गुणवत्ता यादी संध्याकाळी ५ वाजता संकेतस्थळावर लागेल, असे महाविद्यालयाने जाहीर केले होते आणि त्या संकेतस्थळाची देखभाल माझ्याकडे होती. वर्षभरापूर्वी मीच ते शेअर्ड होस्टिंगवरून, म्हणजे अनेक संकेतस्थळांच्या सामाईक सर्व्हरवरून, २ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि ४ जीबी रॅमच्या व्हीपीएसवर, म्हणजे मोठ्या यंत्रातल्या स्वतंत्र आभासी सर्व्हरवर, हलवले होते. वाढीव खर्च पटवून देताना प्राचार्यांना मी म्हटले होते, "सर, शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळ, नळ सगळ्यांचा एकच. व्हीपीएस म्हणजे स्वतःचा फ्लॅट." खर्च मंजूर झाला तो बहुधा या उपमेमुळेच.

५ वाजून ३ मिनिटांनी संकेतस्थळ उघडेनासे झाले. एसएसएचने, म्हणजे दुरून, सर्व्हरच्या आत शिरायलाच मिनिटभर लागले. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, नोंदींमध्ये 'आउट ऑफ मेमरी' अशी ओळ होती आणि बळी गेला होता मायएसक्यूएल हा डेटाबेस. ही चूक सर्वस्वी माझी होती. गर्दी होणार म्हणून सकाळी मी पाने तयार करणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या प्रक्रियांची कमाल संख्या २० वरून ८० केली होती. एक प्रक्रिया साधारण ६० एमबी खाते, म्हणजे ८० प्रक्रियांना ४.८ जीबी लागणार, हा तिसरीतला गुणाकार मी केला नव्हता. मेमरी संपली की लिनक्स बहुधा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रक्रियेला मारतो आणि आमच्याकडे ती नेहमीच मायएसक्यूएल असते. संख्या २५ वर आणली, मायएसक्यूएल पुन्हा चालू केले आणि पान उघडले. पण अर्ज क्रमांक टाकल्यावर उत्तर यायला ४० सेकंद लागत होते.

आता मेमरी पुरेशी होती, डिस्कवरही ताण नव्हता. 'टॉप' ही सर्व्हरवरचा भार दाखवणारी आज्ञा लावून पाहिली तेव्हा प्रोसेसरच्या ओळीत शेवटी 'एसटी' या अक्षरांशेजारी ३८.४ हा आकडा दिसला. एसटी म्हणजे स्टील, अर्थात चोरी : आपल्या आभासी प्रोसेसरला काम करायचे होते, पण खालचा खरा प्रोसेसर त्या वेळी दुसऱ्या कोणाच्या कामात होता, असा वेळ. माझा एक सहकारी या रकान्याला लाल डबा म्हणतो, कारण तो आकडा वाढला की स्टँडवर ताटकळत उभे राहण्यावाचून दुसरे काही हाती नसते. एका यंत्रावर खऱ्या कोअरपेक्षा कितीतरी जास्त व्हीसीपीयू विकलेले असतात. सगळे भाडेकरू एकाच वेळी जोर लावणार नाहीत, या भरवशावर ती विक्री चालते आणि एरवी तो भरवसा खराही ठरतो. त्या संध्याकाळी आम्हीही जोर लावला होता आणि आमच्या कोणा शेजाऱ्यानेही. शेजारी कोण, तो काय करतो, हे व्हीपीएसच्या आतून दिसत नाही; दिसतो तो एवढा एकच आकडा.

व्हीपीएसच्या पुरवठादाराकडे तक्रारीचे तिकीट टाकले. अर्ध्या तासाने आलेल्या उत्तरात, तुमची योजना सामायिक प्रोसेसरची आहे, असे नम्रपणे कळवले होते. करारात तसे लिहिलेलेही होते, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. मोठी योजना घ्यायची तर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागणार होता आणि त्या योजनेतले ४ व्हीसीपीयूही सामायिकच होते. प्रोसेसर राखून ठेवणारी योजना जवळपास तिप्पट दराची होती आणि तिची मंजुरी त्या संध्याकाळी मिळणारी नव्हती.

तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला. "अहो, कार्यालयाबाहेर पालक उभे आहेत. तुम्हीच म्हणाला होता ना, स्वतःचा फ्लॅट आहे म्हणून?"

"फ्लॅट स्वतःचाच आहे सर," मी म्हणालो, "पण गच्चीवरची टाकी इमारतीची आहे."

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते म्हणाले, "मग बादल्या भरून ठेवायच्या होत्या."

उपाय त्यातच होता. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संकेतस्थळ चालवणारे वर्डप्रेस नव्याने जागे होऊन डेटाबेसला तोच प्रश्न विचारत होते आणि यादी तर सकाळीच पक्की झालेली होती. मी डेटाबेसमधून ती पूर्ण काढली, कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तीन साध्या एचटीएमएल फायली केल्या आणि पीएचपीला मध्ये न घेता एनजिनएक्स या वेब सर्व्हरने त्या थेट द्याव्यात अशी व्यवस्था केली. अर्ज क्रमांकाची चौकट गेली. विद्यार्थ्यांनी आपले नाव पानावर स्वतः शोधायचे होते. ६ वाजून १० मिनिटांनी पान पटकन उघडू लागले. एसटी तेव्हाही ३५ च्या वरच होते, पण तयार फाईल उचलून द्यायला प्रोसेसर इतका थोडा लागतो की त्या चोरीची झळ कोणाला जाणवली नाही.

रात्री ११ वाजता पुन्हा 'टॉप' लावले. एसटी ०.३ वर आले होते. शेजाऱ्याचे काम उरकले होते की पुरवठादाराने त्याला दुसऱ्या यंत्रावर हलवले होते, हे मला अजूनही माहीत नाही.