व्हँकुव्हर ते योकोहामा: बोट नक्की कुठे लागणार?

उत्तर पॅसिफिक ओलांडणाऱ्या क्रूझचा हंगाम मुख्यतः वर्षातून दोनदा येतो. उन्हाळाभर अलास्कात फिरणाऱ्या बोटी सप्टेंबरात आशियाकडे निघतात आणि एप्रिल-मेमध्ये उलट दिशेने परततात. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या सगळीकडे मिळतात. पण या मार्गावर त्याआधी बघायची गोष्ट म्हणजे प्रत्येक बंदरात बोट कुठल्या धक्क्याला लागणार. एकाच गावात एक धक्का बाजारपेठेत असतो आणि दुसरा दहा किलोमीटरवर. हातात सात-आठ तास असतात, त्यामुळे सगळा दिवस त्यावरच ठरतो.

दिशा निवडता येत असेल तर मी पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे व्हँकुव्हरहून जपानकडे जायला सांगेन. अलास्काचं उन्हाळी घड्याळ जपानपेक्षा १७ तास मागे आहे. वाटेत सात रात्री घड्याळ एकेक तास मागे जातं आणि मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेवर कॅलेंडरमधला एक अख्खा दिवस गळतो. सात दिवस पंचवीस तासांचे मिळतात, झोप पुरी होते आणि जपानात उतरताना जेटलॅग नसतो. उलट दिशेला रोज एक तास कापला जातो आणि एक तारीख दोनदा येते. रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तारीख न बघता किती वेळा झोपून उठलो ते मोजावं. वार छापलेली गोळ्यांची डबी इथे घोटाळा करते.

व्हिसा तीन लागतात: कॅनडा, अमेरिका आणि जपान. सुरुवात व्हँकुव्हरहून होण्यामागे अमेरिकेचा १८८६चा कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या बोटीला एका अमेरिकी बंदरात चढवलेले प्रवासी दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवता येत नाहीत, म्हणून अलास्काच्या कितीतरी फेऱ्या कॅनडातून निघतात. जपानच्या बाबतीत लक्षात ठेवायचं ते असं, की भारतीयांना मिळणारा ई-व्हिसा विमानाने येणाऱ्यांसाठी आहे. बोटीने जाणाऱ्याने पासपोर्टवर चिकटवलेला नेहमीचा व्हिसाच घ्यावा. वेळापत्रकात दोन जपानी बंदरांच्या मध्ये कोरियातलं बुसान असेल तर आपण जपान सोडून पुन्हा आत शिरतो. अशा वेळी एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही, आणि हे बोटीवर चढण्याच्या काउंटरवर कळलं तर इलाज नसतो.

व्हँकुव्हरला बोट लागते ती कॅनडा प्लेसला, पांढऱ्या शिडांच्या छताखाली, अगदी शहराच्या मध्यात. विमानतळावरून कॅनडा लाइनची गाडी वॉटरफ्रंट स्टेशनला अर्ध्या तासाच्या आत आणते आणि तिथून धक्का चालत पाच मिनिटांवर. अमेरिकेचं इमिग्रेशन इथेच, चढण्यापूर्वी होतं. ज्या दिवशी तीन बोटी लागलेल्या असतात, त्या दिवशी ही रांग फार लांबते. सकाळची वेळ मिळाली तर तीच घ्यावी. सामान दिल्यावर वेळ उरला, तर किनाऱ्याच्या पायवाटेने पश्चिमेला कोल हार्बरकडे जा. तिथे कोमागाता मारूचं स्मारक आहे. १९१४ साली ही बोट हाँगकाँगहून योकोहामामार्गे ३७६ हिंदी प्रवासी घेऊन इथे आली. मोजक्या काही जणांखेरीज कुणाला उतरू दिलं नाही आणि दोन महिन्यांनी बोट परत पाठवली. त्याआधी, १८९३च्या जुलैमध्ये, मुंबईहून निघालेले स्वामी विवेकानंद योकोहामाला ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ बोटीत चढले आणि व्हँकुव्हरला उतरले. जमशेटजी टाटाही त्याच बोटीवर होते. गरम कपडे जवळ नसल्याने स्वामीजींना या समुद्रावर थंडीचा फार त्रास झाला, आणि तो महिना जुलैचा होता. तेव्हा आत लोकरीचं, वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट, कानटोपी आणि हातमोजे, एवढं ऐन उन्हाळ्यातही हवंच.

पहिलं बंदर बहुधा केचिकन. इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे कोकणाएवढा, पण बाराही महिने विखुरलेला. छत्री वाऱ्याने उलटते, रेनकोटच बरा. गावातल्या धक्क्यांवर बोट लागली तर ओढ्यावर खांबांवर उभी असलेली क्रीक स्ट्रीट दहा मिनिटांत गाठता येते. ऑगस्ट-सप्टेंबरात पुलावरून खाली पाहिलं की प्रवाहाविरुद्ध चढणारे सॅमन दिसतात. पण काही कंपन्यांच्या बोटी वॉर्ड कोव्हला लागतात, गावापासून सुमारे ११ किलोमीटरवर. शटल बस असते, पण दोन्ही वेळच्या रांगा धरून दीड तास जातो. तिकीट काढण्यापूर्वी ही चौकशी करा. वॉर्ड कोव्हजवळच्या वॉर्ड लेकचं नाव मात्र ध्यानात ठेवा, डच हार्बरला ते पुन्हा येणार आहे.

जुनोला रस्त्याने जाताच येत नाही, विमान किंवा बोट एवढेच मार्ग. भरती-ओहोटीचा फरक मोठ्या उधाणाला सहा मीटरच्या वर जातो. साडेचार मीटरच्या भरतीची बातमी ऐकत आलेल्या मुंबईकराला हा आकडा लगेच कळेल. अलास्कातल्या बऱ्याच धक्क्यांवर त्यामुळे सकाळी सपाट असलेली उतरायची शिडी दुपारी उभी चढण झालेली असते, कधी ती दुसऱ्याच डेकवर हलवतात. गुडघे दुखणाऱ्यांनी ओहोटीची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवावी. मेंडेनहॉल हिमनदी गावापासून सुमारे २० किलोमीटर. शहराची साधी बस स्वस्त आहे, पण ती माहिती केंद्राच्या दीड मैल अलीकडे सोडते. माहिती केंद्रापासून नगेट धबधब्यापर्यंतची पायवाट एकेरी साधारण मैलभर. बस, दोन्हीकडचं चालणं आणि परतीची बस मिळून पाच तास धरा, वेळ कमी असेल तर धक्क्यावरून थेट जाणारी शटल घ्या.

सिटका घेतलं असेल तर धक्का गावाबाहेर आहे, बस फुकट मिळते. १८ ऑक्टोबर १८६७ रोजी रशियाने अलास्का अमेरिकेच्या हवाली केलं ते इथल्या कॅसल हिलवर. किंमत होती ७२ लाख डॉलर.

हबार्ड हिमनदीपाशी उतरणं नसतं. तिची समुद्रातली भिंत सुमारे दहा किलोमीटर रुंद आहे. बऱ्याच हिमनद्या मागे सरकत असताना ही पुढे येते आहे. १९८६ आणि २००२ मध्ये तिने रसेल फ्योर्डचं, म्हणजे अरुंद खाडीचं, तोंडच बंद केलं होतं. किती जवळ जायचं ते तरंगत्या बर्फावर ठरतं आणि कप्तान बोट गोल फिरवतो, तेव्हा डाव्या किंवा उजव्या बाजूच्या बाल्कनीसाठी जास्त पैसे मोजू नका. बर्फ तुटल्याचा आवाज येतो तेव्हा तुकडा पाण्यात पडूनही गेलेला असतो. म्हणून आवाजाच्या दिशेने न वळता भिंतीच्या एकाच भागाकडे बघत राहावं.

कोडियॅकला अस्वल दिसेल या आशेने बरेच जण उतरतात. बेटावर साधारण साडेतीन हजार तपकिरी अस्वलं आहेत, पण ती बघायला पाण्यावर उतरणारं छोटं विमान घ्यावं लागतं. ते महाग आहे आणि धुकं आलं की रद्द होतं. त्यापेक्षा फोर्ट ॲबरक्रॉम्बीची जुनी तोफखाना-ठाणी आणि इथल्या मूळच्या अलुटिक लोकांचं संग्रहालय भरवशाचं. २७ मार्च १९६४चा ९.२ तीव्रतेचा भूकंप आणि त्यामागून आलेली त्सुनामी यांनी गावाचा मध्यभाग नेला. आज दिसतं ते बंदर बरंचसं त्यानंतरचं आहे.

अल्युशियन बेटांवरचं डच हार्बर हे या सगळ्या मार्गावरचं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं बंदर, आणि रद्द होण्याची शक्यताही इथेच मोठी. क्रूझची बोट म्हणजे पाण्यावरची उंच भिंत. वारा तीस नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पुढे गेला की तो या भिंतीला ढकलतो आणि अरुंद खाडीत तिला धक्क्याला लावणं धोक्याचं होतं. सप्टेंबर सरता सरता अल्युशियन बेटांवर कमी दाबाचे पट्टे एकामागून एक येतात, जपानकडून वळलेली टायफूनही त्यांत येऊन मिसळतात. २०२२च्या सप्टेंबरात मेरबोक टायफूनचा उरलेला जोर पश्चिम अलास्कावर असाच आदळला. बंदर रद्द झालं तर बोटीकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत मिळतात, बाहेरून ठरवलेल्या सहलीचे मिळतीलच असं नाही. म्हणून इथे बाहेरून काही ठरवायचं तर ‘बोट आली नाही तर पूर्ण परतावा’ हे लेखी घ्या.

गाव जेमतेम चार हजार वस्तीचं. बंदर अमाक्नाक बेटावर, जुनं उनालास्का गाव पुलापलीकडे. डोंगर नुसते हिरवे, झाड नाही. थोडे स्प्रूस दिसतात ते रशियनांनी १८०५ मध्ये लावलेल्या रोपांपासूनचे. धक्क्याकडून आधी अल्युशियन संग्रहालय गाठा, मग पूल ओलांडून १८९०च्या दशकातलं रशियन ऑर्थोडॉक्स चर्च. सगळं मिळून चालत पाऊण ते एक तास, एकेरी. डोंगरावर चढायचं असेल तर बरीचशी जमीन ओनालाश्का कॉर्पोरेशन या स्थानिक उनांगन लोकांच्या संस्थेची आहे. तिचा परवाना आधी घ्यावा लागतो. गरुड इथे दिव्याच्या प्रत्येक खांबावर बसलेले दिसतात. मे-जूनमध्ये घरट्याजवळून गेलं तर ते डोक्यावर झेपावतात, टोपी घाला आणि खांबाखालून जाऊ नका.

३ आणि ४ जून १९४२ला जपानी विमानांनी या बंदरावर बॉम्ब टाकले. त्यानंतर अमेरिकी सरकारने आपल्याच उनांगन नागरिकांना, सुमारे ८८० जणांना, बेटांवरून उचलून दक्षिणपूर्व अलास्कातल्या पडक्या मासळी-कारखान्यांत आणि छावण्यांत ठेवलं. त्यांतली एक छावणी केचिकनच्या वॉर्ड लेकपाशी होती. झाड माहीत नसलेल्या, उघड्या वाऱ्यावर वाढलेल्या माणसांना गर्द ओल्या जंगलात ठेवलं गेलं. दर दहातला साधारण एक तिथे दगावला. उनालास्का बेटावरच्या माकुशिन आणि काशेगा या गावांत कुणी पुन्हा राहायला गेलं नाही. विमानतळाजवळच्या युद्धस्मारकाच्या केंद्रात हे सगळं मांडलेलं आहे. क्रूझच्या सहलीत बंकर दाखवतात, ही कहाणी बहुतेक वेळा राहते. ती आपणहून शोधून वाचावी.

इथून जपानातल्या कुशिरोपर्यंत सुमारे २,००० सागरी मैल, म्हणजे १८ नॉटने साडेचार दिवसांहून थोडं जास्त. चार-पाच मीटरच्या लाटा या पट्ट्यात नवलाच्या नाहीत. केबिन बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर घ्यावी, टोकाला आणि वर हेलकावा जास्त. बोट लागण्याची गोळी पोट ढवळायच्या आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. कुठली घ्यायची ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या गोळ्यांचं वेष्टनही तेव्हाच वाचा. ज्यांत सुडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त आहे, अशी औषधं जपानात नेता येत नाहीत. फोन विमान-मोडवर ठेवा. बोटीवरचं मोबाइल नेटवर्क पकडलं की रोमिंगचं बिल अंगावर येतं. बंदरातल्या टॉवरची वेळ आणि बोटीची वेळ कधी कधी वेगळी असते. परत चढायची वेळ बोटीच्या घड्याळाने, आणि ती सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते.

कुशिरो हे पहिलं जपानी बंदर असेल तर सगळ्या प्रवाशांचं इमिग्रेशन तिथेच होतं: प्रत्येकाचे बोटांचे ठसे, फोटो, प्रश्न. हजार-दीड हजार प्रवासी असले की दोन तास सहज जातात, म्हणून सकाळची कुठलीही गाडी ठरवू नका. जपानात पासपोर्ट जवळ बाळगणं परदेशी पाहुण्याला कायद्यानेच बंधनकारक आहे. फळं आणि मांसाचे पदार्थ बोटीवरून खाली नेऊ नका. मोठ्या बोटी पश्चिमेकडच्या मालधक्क्यावर लागतात, लहान त्या नदीच्या तोंडाशी, गावात. गावाबाहेरची कुशिरो शित्सुगेन ही जपानमधली सर्वांत मोठी पाणथळ जागा, १९८०ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेली जपानची पहिली. नामशेष झाले असं समजलेले लाल डोक्याचे तान्चो क्रौंच १९२४ मध्ये याच भागात पुन्हा सापडले. सेन्मो मार्गावर कुशिरो-शित्सुगेन स्टेशनला उतरलं की होसोओका निरीक्षणस्थळ दहा-पंधरा मिनिटांवर. गाड्या मोजक्याच आहेत, परतीची वेळ आधी बघा. उन्हाळ्यात ओयाशिओच्या थंड प्रवाहावर उबदार दमट हवा येते आणि दाट धुकं पडतं, तेव्हा वर जाऊन काही दिसत नाही. अशा दिवशी स्टेशनजवळचा वाशो बाजार गाठा. आधी भाताचा वाडगा विकत घ्यायचा, मग दुकानादुकानांतून मासळीचे तुकडे निवडून त्यावर ठेवायचे. शाकाहारी मंडळींनी मात्र बोटीवरून पोटभर नाश्ता करून उतरावं. मिसो सूप आणि सोबा शेवयांची चटणी भाज्यांची वाटली तरी त्यात सुक्या माशाचं पाणी असतं.

हाकोदातेला वाकामात्सु धक्का मिळाला तर रेल्वे स्टेशन आणि सकाळचा बाजार चालत गाठता येतो, मिनातो-चो मिळाला तर बस. ट्रामने गोर्योकाकु-कोएन-माए थांब्यावर उतरून पंधरा मिनिटांवर तारेच्या आकाराचा किल्ला आहे. आकार जमिनीवरून कळतच नाही, १०७ मीटरच्या मनोऱ्यावर चढावंच लागतं. आओमोरीत धक्का गावालाच लागून आहे. वा रास्से संग्रहालयात नेबुता मिरवणुकीतले भव्य कागदी देखावे जवळून बघता येतात, आणि सान्नाई मारुयामाचं जोमोनकालीन, म्हणजे प्रागैतिहासिक, गाव (२०२१पासून जागतिक वारसा) बसने साधारण अर्ध्या तासावर.

योकोहामाला पुन्हा तोच प्रश्न. बे ब्रिजखालची मोकळी उंची सुमारे ५५ मीटर. त्याहून उंच बोटी पुलाबाहेरच्या दाइकोकु धक्क्याला लागतात, तिथून चालत कुठेच जाता येत नाही. पुलाखालून जाणाऱ्या बोटी बहुधा ओसानबाशीला, लाकडी छताच्या टर्मिनलला. तिथून यामाशिता उद्यान दहा-पंधरा मिनिटांवर. तिथे ‘हिकावा मारू’ उभी आहे, १९३० साली सिअ‍ॅटलच्या मार्गावर सुरू झालेली बोट. आपण ओलांडून आलो तो समुद्र ही वर्षानुवर्षं ओलांडत होती, तिच्या केबिन आणि इंजिनखोली बघता येते. सोमवारी ती बंद असते. सामान आदल्या रात्रीच केबिनबाहेर ठेवावं लागतं, तेव्हा पासपोर्ट, औषधं आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. जड बॅगा टर्मिनलवरून कुरिअरने विमानतळावर पाठवायच्या असतील तर त्या दुसऱ्या दिवशी पोहोचतात. त्याच दिवशीचं विमान असेल तर बॅग स्वतःच न्यावी लागेल.